अण्णांची भूक आणि ईलिंग रोडवरचा वडा

वय झाले की भूक मंदावते, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याच्या मागे काही शोधण्यासारखे असेल अशी शंकाही मनाला शिवत नाही. ते काही अंशी खरेही आहे. उतारवयात नाकाची शक्ती कमी होते, आणि आपण ज्याला ‘चव’ म्हणतो तिच्यातला मोठा वाटा वासाचाच असल्यामुळे नेहमीचे जेवण फिके लागू लागते. काही औषधांनी तोंडाला कोरड पडते. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने काहींची भूक कमी होते. कवळी सैल झालेली असते, आणि ती सैल आहे हे सांगण्यापेक्षा भाकरी बाजूला सारणे अधिक सोपे असते. तरीही डॉक्टर एक आकडा ध्यानात ठेवायला सांगतात. कोणताही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक घटले, तर ते वयाच्या माथी मारू नये, कारण शोधावे.

आई गेल्यानंतरच्या आठ महिन्यांत माझ्या वडिलांचे, अण्णांचे, वजन ६३ किलोंवरून ५७ वर आले होते. म्हणजे जवळजवळ साडेनऊ टक्के घट.

अण्णा तेव्हा ८१ वर्षांचे होते. डोंबिवलीच्या आमच्या डॉक्टरांनी थायरॉईड, साखर, मूत्रपिंडाचे काम, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी असे सगळे तपासून घेतले. स्मरणशक्तीची आणि मनःस्थितीचीही चौकशी केली. कवळी सैल निघाली, ती दंतवैद्यांकडून बसवून घेतली. बाकी अहवाल त्यांच्या वयाला शोभतील असे होते. “दुःख आहे, त्याला वेळ लागेल,” डॉक्टर म्हणाले, “पण दुःख ओसरेपर्यंत शरीर थांबत नाही. काहीही करून पोटात अन्न जायला हवे.” हे ‘काहीही करून’ कसे करायचे, ते अर्थात आम्हां मुलांवर सोपवलेले होते. भाऊ आणि वहिनी दोघेही दिवसभर कामावर. घरी अण्णा एकटे. म्हणून ऑक्टोबरमध्ये मी त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर लंडनला, हॅरोच्या आमच्या घरी घेऊन आले.

लंडनचा हिवाळा हा भूक परतण्याचा काळ नव्हे. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्याआधीही तो दिसलेला असतोच असे नाही. मी सकाळी मऊ भात, साधे वरण, तूप करीत असे. चिंचगुळाची आमटी, भोपळ्याचे भरीत, मुगाची खिचडी, सारे आईच्या प्रमाणाने. आईने फोडणीत मोहरी किती आणि मेथीचे दाणे किती घालायची हे मला पाठ आहे, आणि त्याचा मला अभिमानही होता. अण्णा चार घास घेत, “छान झालंय हो,” म्हणत आणि ताट अलगद पुढे सरकवत. दुधात घालायची पौष्टिक भुकटी आणली. तिचा डबा महिनाभर भरलेलाच राहिला. दर रविवारी न्हाणीघरातल्या काट्यावर मी त्यांना उभे करीत असे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी काटा ५६.४ वर थांबला. अण्णांनी खाली वाकून आकडा पाहिला आणि काही न बोलता चपला घातल्या.

ईलिंग रोडवर आम्ही गेलो ते भाजी आणायला. वेंब्लीच्या हाय रोडपासून आल्पर्टनच्या स्थानकाकडे जाणारा हा रस्ता ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांनी काळबादेवीतली एखादी गल्ली रुंद करून तिच्यावर राखाडी आभाळ ताणले आहे अशी कल्पना करावी. फुटपाथवर मांडलेली कारली, गवार, सुरण, कढीपत्त्याच्या जुड्या; साड्यांची आणि सोन्याची दुकाने; पानवाले; आणि मध्येच चुनखडीच्या दगडात कोरलेले सनातन हिंदू मंदिर, जे २०१० साली भाविकांसाठी खुले झाले. इथली बरीच गुजराती कुटुंबे थेट गुजरातमधून आलेली नाहीत. ती केनिया, युगांडा, टांझानिया या वाटेने आली. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले, तेव्हा त्यांतले हजारो लोक ब्रिटनमध्ये उतरले. त्यांची स्वयंपाकघरेही त्यांच्याबरोबर आली. म्हणून या रस्त्यावरच्या फरसाणाच्या दुकानांतून दाबेली आणि शेवपुरीच्या शेजारी ‘मोगो’ लिहिलेले असते. मोगो म्हणजे कसावाचा कंद. तो उकडून, तळून, वर तिखट-मीठ आणि लिंबू पिळून देतात.

त्यांपैकी एका लहानशा उपाहारगृहाची कढई काचेच्या आड, रस्त्यावरून दिसेल अशी ठेवलेली होती. अण्णा तिथे थांबले. ते काही आठवणीने भारावून वगैरे गेले नव्हते. रस्ता ओलांडण्यासाठी मी हात धरीन म्हणून उभे असावेत असेच मला वाटले. पण त्यांची नजर कढईवर होती. आत एक तरुण बेसनाच्या पिठात बटाट्याचे गोळे बुडवून सोडत होता, आणि त्या चर्र आवाजावर अण्णांनी मान किंचित कलती केली. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येते; त्यांनी डावा कान पुढे केला होता.

आम्ही आत बसलो. गल्ल्यावरचे साठीचे मालक म्हणाले की ते काहीही तळून ठेवीत नाहीत. सांगितल्यावर करतात, सात-आठ मिनिटे लागतील. अण्णा अडतीस वर्षे मूळजी जेठा मार्केटातील एका कापडाच्या पेढीवर हिशेबनीस होते. निवृत्तीनंतर त्यांच्या तोंडून मी गुजराती ऐकलेले नव्हते. ते एकदम म्हणाले, “तेल ताजुं छे ने, भाई?” मालक हसले. “आजे सवारनुं, दादा.” मग मोंबासातले त्यांचे बालपण आणि गिरगावातले अण्णांचे तारुण्य यांच्यात काही वाक्ये झाली, ती मला अर्धीमुर्धी कळली. वडापावाची थाळी आली तेव्हा अण्णांनी स्वतःच चमच्याने वडा फोडला, आतून वाफ बाहेर पडू दिली, लसणाची चटणी बोटाच्या टोकावर घेऊन चाखली आणि म्हणाले, “बटाटा जरा पिठूळ आहे. पण हिरवी मिरची ठेचून घातलीये, वाटून नाही.”

त्या दिवशी त्यांनी अख्खा वडा आणि अर्धा पाव खाल्ला. कित्येक महिन्यांत मी त्यांच्याकडे पाहत घास मोजले होते. त्या टेबलावर प्रथमच मोजायचे विसरले.

अण्णांची पिढी या पदार्थाच्या जन्माची साक्षीदार आहे. वडापावाचे श्रेय सामान्यतः ज्यांना दिले जाते त्या अशोक वैद्यांनी १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर आपली गाडी लावली; अण्णा तेव्हा पंचविशीत होते आणि गाडी बदलायला दादरला उतरत. ‘अस्सल’ या शब्दाविषयी मात्र मला थोडी गंमत वाटते. बटाटा, मिरची आणि पाव ही तिन्ही पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हे शब्दही त्यांचेच. आफ्रिकेत कसावा नेला तोही पोर्तुगीजांनी, दक्षिण अमेरिकेतून. म्हणजे त्या वेंब्लीच्या टेबलावर वडा आणि मोगो शेजारी शेजारी बसले होते ते दूरचे भाऊबंद म्हणूनच. अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “असतील. पण तेल ताजं हवं.” खाण्याच्या बाबतीत अस्सलपणाची त्यांची कसोटी एवढीच होती, आणि आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर ती मला इतिहासापेक्षा अधिक कामाची वाटते.

भावाला फोनवर हे सांगितले तेव्हा तो रागावला. “अगं, ब्लडप्रेशर आहे त्यांना. आणि तू वडे खायला घालतेस?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराहून कमी, मीठ खाण्याचा सल्ला देते. आणि वडा, चटणी, पाव यांत प्रत्येकात मीठ असते. म्हणून मी डोंबिवलीच्या डॉक्टरांना व्हिडिओवर गाठले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि अण्णांच्या बाबतीत तरी हिशेब स्पष्टपणे मांडला: रक्तदाब गोळ्यांनी ताब्यात आहे, मूत्रपिंडे ठीक आहेत, आणि या घडीला अधिक मोठा धोका वजनाचा आहे. आठवड्यातून दोनदा, एका वेळी एकच वडा किंवा एक लहान बशी; रोज सकाळी रक्तदाब मोजून वहीत लिहायचा; दर रविवारी वजन. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडांचा विकार आहे त्यांच्यासाठी हा हिशेब वेगळा असू शकतो, हेही त्यांनी बजावले, आणि म्हणून मीही ते इथे नोंदवते.

मग मंगळवार आणि शनिवार ठरले. त्या दिवशी घरात लोणचे, पापड बंद. चटण्या वेगळ्या वाटीत मागायच्या, म्हणजे अण्णा हव्या तेवढ्याच घेतील. प्रत्येक वेळी तळलेलेच हवे असेही नव्हते. वाटाण्याचा गरम रगडा, ढोकळा, दह्यातले वडे यांत प्रथिने मिळतात आणि ते चावायलाही सोपे. भेळ अण्णांना सर्वांत प्रिय. गिरगाव चौपाटीवर त्यांनी ती किती खाल्ली असेल याची मोजदाद नाही. इथे ती समोर कालवून लगेच देत, कारण पाच मिनिटांत कुरमुरे मऊ पडतात. भेळ खाताना अण्णांचा चेहरा वेगळा होई. वास कमी येऊ लागला तरी आंबट, तिखटाचा झोंबणारा स्पर्श, थंड-गरम आणि कुरकुरीतपणाचा आवाज या गोष्टी म्हातारपणीही बऱ्याच शाबूत राहतात. भेळेत हे सारे एकाच घासात असते. मऊ आणि पचायला हलके म्हणून आपण ज्येष्ठांना जे देतो, त्यात यातले काहीच नसते.

पाणीपुरी मात्र आम्ही टाळली. अण्णांना गिळण्याचा त्रास नाही, पण तोंडात एकदम सुटणारे पातळ पाणी आणि पुरीचे कडक तुकडे हे मिश्रण वृद्धांच्या घशाला सर्वांत अवघड असते. ज्यांना खाताना ठसका लागतो, गिळल्यावर आवाज ओलसर, घोगरा होतो किंवा घास गालात रेंगाळतो, त्यांची गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय कुरमुरे, शेव आणि पाणीपुरी यांच्या वाटेलाच जाऊ नये. अण्णा खुर्चीत ताठ बसून खात, घासामध्ये बोलत नसत, आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास आम्ही तिथेच चहा घेत बसत असू. शेव कवळीखाली अडकते, म्हणून घरी आल्यावर कवळी धुणे हा नियमच झाला.

दुकानाच्या दारावर हिरव्या-काळ्या रंगाची एक पट्टी होती, तिच्यावर ५ हा आकडा. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये अन्न विकणाऱ्या जागांना स्वच्छतेसाठी ० ते ५ असे गुण मिळतात. वेल्समध्ये आणि उत्तर आयर्लंडमध्ये ही पट्टी लावणे सक्तीचे आहे. इंग्लंडमध्ये ती ऐच्छिक आहे, पण गुण संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. हे गुण चवीचे नव्हेत; अन्न कसे हाताळले जाते, जागा कशी आहे आणि स्वच्छतेची व्यवस्था किती भरवशाची आहे याचे आहेत. ज्येष्ठांना अन्नातून होणारा संसर्ग तरुणांपेक्षा जड जातो, म्हणून ही पट्टी पाहूनच मी आत जाते. शिवाय इथे चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला द्यावी लागते. वडापावाच्या कोरड्या चटणीतले शेंगदाणे आणि तीळ, फोडणीतली मोहरी, पावातला गहू हे सगळे त्या यादीत आहेत. एक गोष्ट आपल्या घरांतही ठाऊक नसते: बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. ग्लुटेनचे पथ्य असलेल्या माणसाला ‘बेसनच तर आहे’ म्हणून वडा देताना हे लक्षात असू द्यावे.

शनिवारी माझा मुलगाही बरोबर येऊ लागला. सोळा वर्षांच्या मुलाला आजोबांबरोबर बोलायला काही विषय लागतो. चाटची एक बशी तो विषय पुरवते. अण्णा त्याला शेवपुरीत कैरी का हवी ते सांगत. तो त्यांना मोबाइलवर आफ्रिकेच्या नकाशात मोंबासा दाखवी. दोघांनी मिळून मोगोलाही मान्यता दिली, अण्णांनी “साबुदाण्याचा काका” असे त्याचे नामकरण करून. ते चुकीचेही नाही. साबुदाणा आपल्याकडे याच कंदाच्या पिठापासून करतात.

जानेवारीतल्या एका मंगळवारी परतताना, बसच्या खालच्या मजल्यावर, अण्णा खिडकीकडे पाहत म्हणाले, “तुला वाईट वाटत असेल, घरचं खात नाही आणि बाहेरचं खातो म्हणून.”

मी काही बोलले नाही.

“तुझ्या हातचं वरण अगदी तिच्यासारखं असतं. पहिल्या घासाला वाटतं, ती आत आहे. दुसऱ्या घासाला कळतं, नाही. मग तिसरा जात नाही.” थोड्या वेळाने ते पुढे म्हणाले, “वडा तिनं कधी केला नाही. तळणीचा वास तिला सोसायचा नाही. तो मी दादरला एकटाच खायचो. त्यात ती नव्हतीच कधी, म्हणून नसल्याचं काही वाटत नाही.”

या विषयावर मी बरेच वाचले होते, आणि पथ्याचे, प्रथिनांचे, उष्मांकांचे तक्ते माझ्या फ्रिजवर लावलेले होते. त्यांत हे कुठेही नव्हते. शोकात असलेल्या माणसाला ‘आवडीचे’ करून घालावे, असे सगळेच सांगतात. आणि जोडीदार गेलेल्या माणसाच्या आवडीचे बहुतेक सारे त्या जोडीदाराच्याच हातचे असते. बावन्न वर्षे एका हाताने रांधलेले अन्न त्याच चवीने दुसऱ्या हातातून समोर आले की ते जेवण राहत नाही. अण्णांना हवे होते कुणाच्याही आठवणीत न भिजलेले अन्न, अनोळखी माणसाने त्यांच्यासमोर, त्यांच्यासाठी, त्या घडीला केलेले. ज्यात त्यांनी “तिखट कमी” म्हटले की तिखट कमी होत होते. आठ महिने आम्ही सगळे त्यांच्या ताटात काय वाढायचे ते ठरवीत होतो. त्या गल्ल्यापाशी ते स्वतः मागत होते.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. “आज आमटी कर,” म्हणाले, “पण आईसारखी नको. तू एरवी तुमच्यासाठी करतेस तशी कर.” आमच्यासाठी मी करते ती आमटी म्हणजे डब्यातल्या टोमॅटोची, पालक घातलेली, जिऱ्याच्या फोडणीची, काहीशी घाईची. आईने तिला आमटी म्हटले नसते. अण्णांनी भातावर घेऊन ती दोनदा वाढून घेतली. “मीठ कमी आहे,” एवढेच बोलले. ते कमी होतेच. वही सांभाळायची होती.

व्हिसा संपून ते निघाले त्या आठवड्यात काट्यावर ६०.२ किलो होते. हे श्रेय एकट्या वड्याला देता येणार नाही. नीट बसलेली कवळी, दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खाणे, बसथांब्यापर्यंतची चाल, नातवाची संगत आणि सरता हिवाळा, यांचाही त्यात वाटा आहे. रक्तदाबाची वही मी डॉक्टरांना पाठवली. गोळ्या बदलाव्या लागल्या नाहीत. शेवटच्या शनिवारी मालकांनी पैसे घ्यायचे नाकारले. अण्णांनी अडतीस वर्षे हिशेब लिहिला होता, ते ऐकेनात. शेवटी मालकांनी पाच वड्यांचे पैसे घेतले आणि सहावा कागदात गुंडाळून दिला.

आता डोंबिवलीत शेजारचे एक निवृत्त शिक्षक आणि अण्णा मिळून शनिवारी संध्याकाळी बाहेर पडतात. दोघांत एक वडापाव घेतात. गेल्या आठवड्यात अण्णांनी फोनवर तक्रार केली की नाक्यावरच्या गाडीवाल्याचे तेल काळे पडलेले होते, वर फेस येत होता, म्हणून ते न खाताच पुढे गेले आणि बाजारपेठेतल्या दुसऱ्या दुकानी समोर तळून घेतले. तिथे थोडी रांग असते, पण उभे राहायला काही वाटत नाही, असे म्हणाले.